डाव्या हाताचं म्यान

दोहा, कतार
२ डिसेंबर १९५९

बावा, सलाम.

माझी पत्रं तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता आणि मग चुलीत घालता, असं तुमची सून सायरा कळवते. घाला. निदान चूल तरी पेटते. पण हे नीट वाचून घाला, कारण यात अनीसाबद्दल आहे.

सायराच्या मागच्या पत्रात इकडची तिकडची खुशाली होती आणि मधेच एक ओळ होती: "बावा जेवताना अनीसाचा डावा हात पंच्याने अंगाशी बांधतात, पोर ताटावर रडते." बावा, ती पाच वर्षांची आहे. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने पाटीवर रेघोट्या मारते, तशीच जन्माला आली. माझी मुलगी आहे, दुसरं काय होणार? बाणकोटच्या आपल्या ओटीवर तोच पंचा माझ्या अंगाभोवती असायचा. "डावा हात घानीचा, त्या हातानं सैतान खातो," हे तुमचं वाक्य मी कलम्याच्या आधी शिकलो असेन. एवढंच असतं तर मी विसरलोही असतो. पण जैतून मावशीच्या लग्नात मी डाव्या हाताने सांदण उचललं. पाहुण्यांसमोर तुम्ही हसत राहिलात आणि पाहुणे गेल्यावर उलथणं तापवलंत. माझ्या तळहातावरचा डाग थंडीत अजून आवळतो.

आज पंचा आहे, उद्या उलथणं येईल. ते येऊ नये म्हणून लिहितो आहे. ज्या हाताला तुम्ही डागलंत त्याने काय केलं ते ऐका.

माझा मालक इथला सिमेंट-तांदळाचा व्यापारी. त्याला आम्ही अर्बाब म्हणतो आणि मी त्याचा कारकून. मुशैरिबमधल्या एका वखारीवरून त्याचं दुसऱ्या एका व्यापाऱ्याशी वैर आहे. गेल्या महिन्यात सूक वाकिफ नावाच्या बाजारात मसाल्याच्या दुकानासमोर त्या व्यापाऱ्याचा माणूस खंजीर घेऊन अर्बाबवर धावला. मी मधे पडलो. त्याने माझा उजवा दंड चिरला आणि हात लोंबकळला. बाकीचे कारकून पळाले. तेवढ्यात माझ्या डाव्या हाताने तराजूतलं लोखंडी वजन उचलून त्याच्या तोंडावर घातलं होतं. एकदा नाही, तो खाली बसेपर्यंत. त्याचे दात हळदीच्या पोत्यात पडले. डोळा गेला म्हणतात. मी विचार केलाच नव्हता बावा, हातानेच केलं.

जखम शिवून घरी आलो तर अर्बाब माझी वाट बघत बसला होता. त्याने कापडात गुंडाळलेलं एक छोटं पिस्तूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आजपासून तू माझा उजवा हात."

मला हसू फुटलं. त्याला वाटलं आनंद झाला.

अनीसाचा हात सोडा.

मुनाफ


दोहा
१९ फेब्रुवारी १९६०

बावा, सलाम.

तुमचं उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि आपल्या घरात तर सुंभ जळतही नाही. सायरा लिहिते की पंचा अजून आहे. मग मीही लिहीत राहणार.

दिवसभर मी हिशेबाची फाईल काखेत घेऊन अर्बाबच्या मागे फिरतो आणि कोणाला कळत नाही की माझ्याकडे पिस्तूल आहे. कोकणी कारकुनाची झडती कोण घेतो? त्याला सगळ्यांनी आधीच ओळखलेलं असतं. त्यासाठीच अर्बाबने मला निवडला. पण पिस्तूल मिळणं सोपं असतं, ते अंगावर लपवणं अवघड. ते मला मुरादने शिकवलं. मुराद मकरानचा म्हातारा बलुच आहे, आयुष्यभर दुसऱ्यांचे जीव राखत आलेला. एक कान अर्धा तुटलेला. तो बोलतो कमी आणि मारतो जास्त.

आधी मी बाजारातून काखेत अडकवायचं होल्स्टर आणलं, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. मुरादने ते बघितलं आणि मला एक थोबाडीत दिली. काखेतल्या म्यानावर कोट लागतो, आणि इथल्या जूनमध्ये कोट घालून फिरणाऱ्याने गळ्यात पाटी लावली तरी चालेल. मग कमरेच्या बाजूला लावायचं आणलं. उभं राहून मी झकास काढून दाखवलं. मुराद म्हणाला, "उभं राहून सगळेच पहिलवान. बसून काढ." इथे बैठकी जमिनीवरच्या गादीवर असतात. मांडी घातली तर मूठ बरगडीत घुसली आणि सदरा वर टेकाडासारखा उठला. दुसरी थोबाडीत.

शेवटी सूकमधल्या इराणी खोगीरवाल्याकडून जाड म्हशीच्या चामड्याचं करून घेतलं. पोटाच्या डाव्या अंगाला, नाभीच्या जरा बाजूला बसणारं. चाप पूर्ण झाकणारं, आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडंच राहील असं ताठ. त्यावर मुरादने स्वतः पांढऱ्या कापडाची खोळ शिवली, कारण इथला पायघोळ पांढरा सदरा उन्हात आरपार दिसतो आणि काळं चामडं सावलीसारखं उमटतं. सदऱ्याचा डावा खिसा तळाशी फाडला. बघणाऱ्याला वाटतं, कारकून खिशात हात घालून उभा आहे.

पण खरा धडा कॉफीचा. इथे बैठकीत कडू कॉफी छोट्या बिनकानाच्या पेल्यात देतात, फिंजान म्हणतात त्याला. ती उजव्याच हाताने घ्यायची. डाव्याने घेणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. हे तुम्हाला आवडेल. कॉफी आली की सगळ्यांचे उजवे हात गुंततात आणि सगळे जण एकमेकांच्या उजव्या हातांकडेच बघतात. माझा उजवा हातही गुंततो. मोकळा राहतो तो डावा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून मुराद माझ्या उजव्या हातात काठोकाठ भरलेली फिंजान देतो, समोर बसतो आणि मधेच खजुराची बी तोंडावर फेकून मारतो. बी लागायच्या आत डाव्या हातात पिस्तूल आलं पाहिजे आणि फिंजानमधला थेंब सांडता कामा नये. सांडला की काठी. माझ्या पाठीवर सध्या तुमच्या घरातल्यापेक्षा जास्त वळ आहेत, पण फरक सांगू? हा मारतो तो डावा हात चालावा म्हणून. आता थेंब सांडत नाही. मुराद म्हणाला, "तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही." माझ्या हाताबद्दल कोणीतरी असं पहिल्यांदा बोललं. खोली बंद करून मी रडलो, हेही लिहून टाकतो.

बैठकीत नजर कुठे ठेवायची, हेही तो शिकवतो. "तोंडं बघू नकोस, तोंडं खोटं बोलतात. हात बघ. ज्याचा उजवा हात दिसत नाही, त्याचा उजवा हात मोकळा नाही." हे वाक्य मला झोपेतून उठवून म्हणायला लावलं तरी म्हणेन.

तर बावा, सैतानाच्या हातावर तुमची सून आणि नात जेवताहेत. सोडा तिचा हात.

मुनाफ


दोहा
३० जुलै १९६०

बावा, सलाम.

रियाज गेला. म्हसळ्याचा रियाज, माझ्याच खोलीत राहायचा. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तुमच्यासाठी माझे खजूर घेऊन आला होता आणि तुम्ही त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतंत, तोच.

अर्बाबने त्यालाही पिस्तूल दिलं होतं. मी त्याला खोगीरवाल्याकडे नेलं, पण म्हशीचं चामडं त्याला रुतायचं. त्याने बकरीच्या मऊ चामड्याचं म्यान शिवून आणलं. मला दाखवून म्हणाला, "बग मुनाफभाय, कसा नरम हाय! तुजा तो लाकूड तुलाच ऱ्हाव दे." मी म्हटलं, पिस्तूल काढलं की याचं तोंड मिटतं, परत घालताना चामडं आत दुमडेल. त्याने माझी टर उडवली, "म्हातारा झालास तू त्या बलुचाच्या संगतीत."

काल आम्ही अर्बाबबरोबर अल वक्राला निघालो होतो. वाटेत एक गाडी आडवी आली म्हणून आम्ही दोघांनी पिस्तुलं काढली. पाण्याचा टँकर होता, दुसरं काही नाही. हसत हसत रियाजने पिस्तूल परत खोचलं आणि गोळी सुटली. घामाने भिजलेलं चामडं दुमडून चापात शिरलं होतं. गोळी जांघेत गेली. बावा, माणसात इतकं रक्त असतं हे मला माहीत नव्हतं. मी दोन्ही हात जखमेत घातले, डोक्याचा रुमाल कोंबला, गुडघा दाबून बसलो. रक्त बोटांमधून येतच राहिलं, गरम, वाळूत क्षणात काळं होणारं. तो आधी ओरडला, मग मला शिव्या दिल्या, मग म्हणाला, "मना थंडी वाजते." त्या उन्हात. अर्बाब गाडीच्या सावलीत उभा होता. रियाज संपल्यावर त्याने आधी पिस्तूल उचलायला सांगितलं, मग माणूस.

त्याला इथेच दफन केलं. त्याच्या आईला मी लिहिलं की गाडीचा अपघात झाला. तुम्हीही तेच सांगा.

त्या मऊ म्यानातलं रक्त मी धुतलं आणि म्यान ठेवून दिलं. का ठेवलं ते मला माहीत नाही.

अनीसाला म्हणावं बाबा बरा आहे. यावेळी भांडत नाही तुमच्याशी, त्राण नाही. फक्त हात सोडा तिचा.

मुनाफ


दोहा
११ मार्च १९६१

बावा, सलाम.

एक अपघात झाला आहे. मला लागलं नाही. अर्बाबची नोकरी सुटली. सध्या जिथे आहे तिथे जेवण मिळतं, झोप मिळते, नमाजही होते. पत्रं मुरादच्या पत्त्यावर पाठवा, तो आणून देतो.

सायराला म्हणावं काळजी करू नये. जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

मुनाफ


दोहा
४ जून १९६१

बावा,

सायराचं पत्र मिळालं. अनीसा आता उजव्या हाताने जेवते, असं तुम्ही गावभर सांगता म्हणे. आणि सायराने हेही लिहिलं आहे: अनीसाने तिच्या चिंधीच्या बाहुलीचा डावा हात दोऱ्याने अंगाशी बांधला, आणि दुसऱ्या दिवशी तो हात सोडवून चुलीत धरला. बाहुलीला म्हणत होती, "रडू नको, पाहुणे गेलेत आता."

पाहुणे गेलेत आता. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. तुम्ही तिला डागलंत की नुसतं उलथणं दाखवलंत, हे सायराने लिहिलेलं नाही. तिला लिहिता आलं नसेल.

मागच्या पत्रात मी लपवलं. ते सगळं आता सांगतो. खूप वेळ लागतो आहे लिहायला, का ते शेवटी कळेल.

फेब्रुवारीत दोन्ही व्यापाऱ्यांनी समेट करायचं ठरवलं. अल वक्राच्या एका वृद्ध मोतीवाल्याच्या बैठकीत सगळे जमले. वैर मिटवायची बैठक, त्यामुळे सगळ्यांनी दारात शस्त्रं उतरवली. खंजिरांचा ढीग झाला होता. मी फाईल घेऊन आत गेलो. अर्बाबने मला तसं सांगितलं होतं, आणि मी नाही म्हणालो नव्हतो. त्या घरात फक्त माझ्याकडे पिस्तूल होतं.

माझ्यासमोर त्या पक्षाचा एक माणूस बसला होता, सालेम नावाचा. माझ्याच वयाचा असेल. खांद्यावरून तलम झगा घेतलेला आणि उजवा हात झग्याच्या आत. मी त्या हाताची वाट बघत होतो. कॉफीवाला रांगेने देत आला. आधी मला दिली, मी उजव्या हातात घेतली. मग सालेमला. सालेमने डावा हात पुढे केला आणि फिंजान डाव्या हाताने घेतली.

बावा, मुरादचं वाक्य मला आठवलं, पण नंतर. खटल्यात काझींना मी सांगितलं की मला जिवाची भीती वाटली. ते खोटं आहे. मला राग आला. चारचौघांत डाव्या हाताने घेतो? वडीलधाऱ्यांच्या बैठकीत? लाज नाही? एका क्षणात कानाच्या पाळ्या तापल्या. तो राग माझा नव्हता, मी त्याला चांगला ओळखतो. तो मी आपल्या ओटीवर दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. तेवढ्यात झग्याखाली त्याचं कोपर हललं आणि माझ्या हाताने आपलं काम केलं.

गोळी गळ्याखाली लागली. तो मागच्या भिंतीवर आदळला आणि बसल्या बसल्या घरघर करायला लागला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. कॉफीवाल्याच्या हातून किटली पडली. उकळती कॉफी आणि रक्त गालिच्यावर एकत्र वाहत माझ्या गुडघ्यापर्यंत आले. लोक माझ्यावर पडले, लाथा घातल्या, माझ्या दोन बरगड्या तिथेच गेल्या. कोणीतरी सालेमचा झगा ओढून काढला, पिस्तूल बघायला.

आत हातच नव्हता. मनगटाशी संपलेला होता, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. आदल्या वर्षी बंदरावर माल उतरवताना लोखंडी दोराच्या रहाटात सापडून तुटला होता. लाजेने तो कुणाला दाखवत नसे. मी म्यानावर पांढरी खोळ चढवून पिस्तूल लपवलं होतं, त्याने पांढरं कापड बांधून तुटका हात लपवला होता.

माझ्या उजव्या हातात फिंजान तशीच होती. लाथा पडेपर्यंत एक थेंब सांडला नव्हता. मुरादने हे ऐकलं तेव्हा तो उठून बाहेर गेला.

अर्बाबने सगळ्यांसमोर हात झटकले. कारकुनाने शस्त्र आणलं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाला. मी त्याचा उजवा हात होतो ना, असे हात तोडायला सोपे असतात. मी आता किल्ल्याच्या कोठडीत आहे. इथल्या कायद्याने माझ्या जिवाचा निकाल सालेमच्या वारसाच्या तोंडी आहे. त्याला एक आईच आहे. तिने मागितला तर माझा जीव घ्यायचा, माफ केला तर सोडायचा.

गेल्या आठवड्यात ती मला भेटायला आली. बारीक, ठेंगणी बाई, तोंडावर काळा बुरखा. रडली नाही. तिने विचारलं, "कुठल्या हाताने?"

मी गजातून डावा हात पुढे केला. तिने तो धरला, उलटा करून तळवा बघितला. डागावर अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"बापाने."

"का?"

"या हाताने जेवलो म्हणून."

तिने हात सोडला नाही. मी सगळं सांगितलं, तुम्हाला आता सांगितलं तसंच, रागासकट. काझींना न सांगितलेलं तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "माझ्या मुलाला मारलं ते तू एकट्याने नाही. तुझ्या बापाला बोलव. त्याच बैठकीत, त्याच लोकांसमोर, मी स्वतः त्याला कॉफी देईन. त्याने ती डाव्या हाताने घ्यावी आणि प्यावी. घेतली, तर मी तुझं रक्त मागणार नाही. नाही घेतली, तर मागेन." काझींसमोरही तिने हेच सांगितलं. पुढच्या हजच्या मोसमापर्यंत थांबेन म्हणाली.

तर असं आहे. एक फिंजान, तुमचा डावा हात आणि माझी मान. तुम्ही मनातल्या मनात काय म्हणत असाल ते मला ऐकू येतं. सत्तरीचा माणूस, साऱ्या गावाला आणि गलबतावरच्या खलाशांना शिस्त शिकवलेला तांडेल, आणि परक्या मुलखात शंभर लोकांसमोर डाव्या हाताने प्यायचं. मेलो तरी चालेल, पण...

बावा, मला जगायचं आहे. ते मी लपवत नाही. रोज पहाटे दाराचा आवाज आला की मी कलमा म्हणायला लागतो. सायराला बघायचं आहे, अनीसाला तर मी धड मांडीवरही घेतलेलं नाही. तरी मी तुम्हाला या असं म्हणणार नाही. आधी एक काम करा.

अनीसाला ओटीवर घ्या. पंचा नको, उलथणं नको. समोर ताट ठेवा, तिला आवडतं ते. तिला सांगा, हवा त्या हाताने जेव. ती घाबरेल, तुमच्याकडे बघेल, उजवाच हात पुढे करेल. तुम्ही थांबा. ती डाव्या हाताने पहिला घास घेईपर्यंत बसून राहा आणि तिच्या हाताकडे बघत राहा. तुमच्या कानाच्या पाळ्या तापतील. तापू द्या. काही बोलू नका.

तेवढं जमलं, तर पुढच्या आगबोटीत बसा. ते जमलं नाही तर येऊ नका. माझा जीव वाचवायला डाव्या हाताने कॉफी प्याल आणि घरी जाऊन पुन्हा तिचा हात बांधाल, तर ती कॉफी मला नको.

अक्षर ओळखू आलं नसेल. वेडंवाकडं आहे, अनीसाच्या पाटीवरच्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने लिहितो आहे. हे पत्र चुलीत घालू नका, तिला दाखवा. म्हणावं, बाबाने याच हाताने लिहिलं.

मुनाफ